श्रोडिंगर यांची दोन खाती

एर्विन श्रोडिंगर हे नाव तुम्ही त्यांच्या मांजरीमुळे ऐकले असेल. आज मांजर बाजूला ठेवू.

१८८७ साली व्हिएन्नात जन्मलेले आणि १९३३ चे नोबेल मिळवलेले हे शास्त्रज्ञ नाझींमुळे ऑस्ट्रिया सोडून १९३९ मध्ये डब्लिनला आले. तिथे ते गुरुत्वाकर्षण आणि विद्युत्चुंबकत्व एका सूत्रात बांधू पाहत होते. चैतन्य एकच आहे, हा वेदान्ताचा विचारही मनात होताच. १९४४ च्या ‘व्हॉट इज लाइफ?’च्या शेवटी त्यांनी तो उघडपणे मांडला. त्या शेवटामुळेच डब्लिनच्या प्रकाशकाने माघार घेतली आणि पुस्तक केंब्रिजहून निघाले.

जानेवारी १९४७ मध्ये त्यांनी एकत्रित सिद्धान्त सापडल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, पण आइनस्टाइन यांनी त्यातला फोलपणा दाखवला. श्रोडिंगर खजील झाले.

आता हे पाहा. चैतन्य त्यांनी त्या समीकरणांत घातलेच नव्हते. (मी कॉमर्सची विद्यार्थिनी, मला ही दोन वेगळी खाती वाटतात.) एका खात्यात तोटा आला, दुसरे तसेच राहिले. १९२५ मध्ये लिहिलेला वेदान्तविचार त्यांनी १९६० मध्ये पुन्हा हाती घेतला, त्याला दुसरा भाग जोडला. जानेवारी १९६१ मध्ये ते गेले.