विश्लेषण : जनावराला भूल देताना श्वासावर नजर का ठेवतात? हैदराबादच्या डॉ. लॉरींचे काय बरोबर होते, काय चुकले?

बांदा-दोडामार्ग पट्ट्यात रानहत्ती उतरला, की त्याला बेशुद्ध करून पकडण्याची मागणी होते. मात्र भुलीचे इंजेक्शन मारल्यावर त्याचा श्वास चालू ठेवणे, ही खरी कसोटी असते. भूल आणि श्वास यांचा संबंध शोधणारे गाजलेले प्रयोग हैदराबादेत झाले. ते करणारे डॉक्टर होते एडवर्ड लॉरी.

लॉरी कोण होते?
जन्म 1846 चा. एडिंबरात ते शल्यविशारद जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकले. क्लोरोफॉर्म देताना नाडी नव्हे, श्वास पाहा, ही साइम यांची शिकवण. 1885 मध्ये लॉरी हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन झाले. औरंगाबाद, बीड, नांदेड तेव्हा याच संस्थानात होते.

वाद कशाचा होता?
1848 मध्ये इंग्लंडमध्ये पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्ममुळे 15 वर्षांची हॅना ग्रीनर दगावली. असे मृत्यू होत राहिले. आधी श्वास थांबतो की हृदय, यावर डॉक्टरांत एकमत नव्हते.

प्रयोगांतून काय निघाले?
1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी निजामाने 1000 पौंड दिले आणि ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठवले. कुत्रे, माकडे, शेळ्या, घोडे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला : श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. श्वास सांभाळला तर धोका नाही, असे लॉरी ठामपणे मांडू लागले.

चूक कुठे झाली?
1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अॅड्रेनलिन वाढले, तर हृदय अचानक थरथरून बंद पडू शकते. म्हणजे श्वास सांभाळूनही रुग्ण दगावू शकत होता. 1915 मध्ये लॉरींचे निधन झाले.

आज काय करतात?
भुलीने मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन घटतो. मोठे जनावर आडवे पडले की पोटाचा भार छातीवर येऊन श्वास आणखी अडतो. म्हणून पशुवैद्यक श्वास मोजतात, ऑक्सिजन देतात, शक्य तेथे रक्तातील वायू तपासतात. श्वासाबाबत लॉरींचा आग्रह टिकला. पण आता हृदयाचे ठोकेही सोबत मोजले जातात.