सावकारी पाश पडद्यावर आणणारा कोल्हापूरचा मिस्त्री : बाबूराव पेंटर

कागल सोडलं की थोड्याच वेळात कोगनोळी येतं आणि कर्नाटक सुरू होतं. सीमेच्या इतक्या जवळ असलेलं कोल्हापूर हे पूर्वीपासून दोन्हीकडच्या खेड्यांचं बाजाराचं गाव. गूळ विकायला, कोर्टकचेरीला, अंबाबाईच्या दर्शनाला माणूस इथं यायचा आणि जाता जाता सिनेमा बघून जायचा. या शहरात नुसता सिनेमा दाखवला जात नव्हता, तो इथं तयारही होत होता. त्याची सुरुवात ज्याच्या हातून झाली तो माणूस कुठल्या कॉलेजात शिकलेला नव्हता. शाळाही त्याची जेमतेमच झाली होती.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कसबी कारागीर. लाकूड, धातू, रंग, मूर्ती, घरात सगळीच कामं चालायची. पोरानं हत्यार धरायला घरातच शिकून घेतलं. नात्यातले भाऊ आनंदराव हेही त्याच हाडाचे. दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला लागले. तो काळ संगीत नाटकाचा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधलं ते १९१५ साली, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. पडद्यावरचा राजवाडा खरा वाटावा, जंगल बघून भीती वाटावी, असं काम हे दोघं करायचे. त्यातूनच पेंटर हे नाव चिकटलं आणि मेस्त्री आडनाव मागं पडलं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला. तो बघून हे भाऊ पार झपाटले. रंगवलेला पडदा हलत नाही, इथं चित्रच हलतंय म्हटल्यावर दुसरं काय होणार. एक प्रोजेक्टर मिळवून त्यांनी डेक्कन सिनेमा या नावानं कोल्हापुरात चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पण दुसऱ्यानं केलेलं दाखवण्यात त्यांचं समाधान नव्हतं. स्वतः काढायचं ठरलं. आता अडचण कॅमेऱ्याची. तो यायचा विलायतेहून, किंमत अवाच्या सवा, आणि पहिलं महायुद्ध सुरू झालेलं.

मग ठरलं की कॅमेराच घरी बनवायचा.

ऐकायला हे सोपं वाटतं. सिनेमाचा कॅमेरा म्हणजे भिंग लावलेली पेटी नव्हे. आतली फिल्म एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा पुढं सरकावी लागते आणि प्रत्येक वेळी क्षणभर जागच्या जागी थांबवावी लागते. थांबली की झडप उघडायची, चित्र उमटायचं, झडप बंद, फिल्म पुढं. एका चाकाचा दाता जरी चुकला तरी पडद्यावर सगळं थरथरतं. हे गणित कागदावर शिकवणारा कोणी नव्हता. आनंदरावांनी दुसऱ्याचा कॅमेरा खोलून बघितला आणि सुटे भाग घडवायला घेतले. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. वय काही जाण्यासारखं नव्हतं. बाबूरावांचा उजवा हातच गेला.

त्यांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले नावाचा हुन्नरी माणूस सोबत होता. दोघांनी मिळून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. त्याच्या आधीच, १९१७ मध्ये, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. पैसा दिला तानीबाई कागलकर या गायिकेनं. सिनेमा म्हणजे काय हे लोकांना धड ठाऊक नव्हतं, बँका दारात उभं करत नव्हत्या, अशा वेळी एका गाणाऱ्या बाईनं आपली कमाई त्यात घातली. कोल्हापूरच्या सिनेमाचा इतिहास सांगताना हे नाव बऱ्याचदा राहून जातं.

पहिला चित्रपट सैरंध्री. ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात तो लागला. तोवर बायकांची कामं बहुतेक पुरुषच करायचे, कारण पडद्यावर यायला सहसा कोणी बाई धजत नव्हती. बाबूरावांनी मिशी काढलेल्या पुरुषाला लुगडं नेसवायला नकार दिला आणि गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघींना घेतलं. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. भीमानं कीचकाला मारल्याचा प्रसंग इतका खरा वाटला, की सेन्सॉरनं तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट बघून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

कंपनीचं आवार म्हणजे एक शाळाच झाली. कागलचे फत्तेलाल तिथं होते, दामले होतेच. १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे नावाचा कोल्हापूरचाच एक पोरगा उमेदवारीला आला. पडेल ते काम करता करता तो नट झाला आणि पुढं व्ही. शांताराम म्हणून देशभर गाजला. बाबूराव आधी प्रत्येक दृश्याचं चित्र काढायचे, मग ते चित्र धरून शूटिंग करायचे. रंगवलेल्या पडद्यासमोर नटाला उभं करणं त्यांनी बंद केलं आणि खरे वाटणारे सेट उभे केले. ज्याचं पोट पडदे रंगवण्यावर चालत आलं होतं त्यानंच हे करावं, हे विशेष. चित्रपटाची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे. कल्याणचा खजिना या १९२४ च्या चित्रपटाचं पोस्टर आजही आहे, भारतात शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांत त्याची गणना होते. १९२३ च्या सिंहगडमध्ये रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी विजेचे दिवे वापरले. तोवर सगळं शूटिंग उन्हाच्या भरवशावर चालायचं. त्यात शिवाजी महाराजांचं काम त्यांनी स्वतः केलं, तर शांताराम शेलारमामा झाले.

इथवर सगळं देवादिकांचं आणि राजेरजवाड्यांचं होतं, आणि पैसाही त्यातच होता. १९२५ मध्ये बाबूरावांनी वाट बदलली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर त्यांनी सावकारी पाश काढला. गोष्ट साध्या शेतकऱ्याची. सावकाराच्या कागदावर अंगठा उठतो, जमीन जाते, आणि जमिनीचा मालक शहरात गिरणीचा मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या कामाला शांताराम होते. अंधारलेली झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं हे दृश्य बघणाऱ्यांच्या मनातून वर्षानुवर्षं गेलं नाही. चित्रपट मुका होता, मधल्या पाट्याही कितीकांना वाचता येत नव्हत्या. पण कर्जाची गोष्ट कळायला पाटी वाचावी लागते असं नाही. पडद्यावर तोवर देव उडत होते, राक्षस मरत होते. खेड्यातला कर्जबाजारी माणूस नायक म्हणून असा क्वचितच कोणी दाखवला होता.

जाणकारांनी वाखाणला, पण गर्दी झाली नाही. दिवसभर जे भोगतो तेच रात्री तिकीट काढून कशाला बघायचं, असंही लोकांना वाटलं असेल. बाबूराव पुन्हा पुराणकथांकडे वळले.

कंपनीत मात्र कुरबुरी वाढत होत्या. बाबूराव कलावंत होते. मनासारखं होईस्तोवर काम पुढं सरकायचं नाही. तयार झालेल्या शिष्यांना घाई होती आणि आपलं काही करायचं होतं. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. कॅमेरा बनवताना खांद्याला खांदा लावून बसलेले दामलेही गेले, हा घाव मोठा होता. दोनच वर्षांत बोलपट आला. प्रभातचा अयोध्येचा राजा १९३२ मध्ये गाजला, १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि दामले-फत्तेलालांचा संत तुकाराम पुढं व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. महाराष्ट्र फिल्म कंपनी तोवर बंद पडली होती.

शालिनी सिनेटोनसाठी बाबूरावांनी उषा हा बोलपट केला. १९३६ मध्ये त्यांनी सावकारी पाश पुन्हा काढला, या वेळी आवाजासह. अकरा वर्षांपूर्वी जो विषय चालला नव्हता, तोच त्यांनी परत हातात घेतला. हट्टच म्हणायचा. पुढंही चित्रपट झाले, पण पहिला जोर आला नाही. १९४७ मध्ये लोकशाहीर रामजोशी आला तो शांतारामांच्या राजकमलचा. एके काळी ज्याच्या दारात उमेदवारी केली, त्या गुरूला शिष्यानं मुंबईला बोलावलं होतं. दिग्दर्शक म्हणून नाव दोघांचं लागलं.

बाबूराव मात्र कोल्हापूरचेच राहिले. कॅमेरा बाजूला पडला तेव्हा कुंचला आणि शाडू हाताशी होताच. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले. मुक्या सावकारी पाशची रिळं आज कुठंच उरलेली नाहीत. शहराच्या शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा मात्र जागेवर आहे, तो बाबूरावांनीच घडवलेला.