गारपिटीत कॉलेज राहिलं, पण ग्रह हाती लागला

वाचकहो, गारपीट म्हणजे काय हे तुम्हाला कोणी समजावून सांगायला नको. संध्याकाळी आभाळ काळंनिळं होतं, अर्ध्या तासात गारांचा खच पडतो आणि वर्षाचं गणित कोलमडतं. पोराच्या पुढच्या शिक्षणाचा विषय मग घरात कोणी काढत नाही. अमेरिकेतल्या कंसास राज्यात, बर्डेट गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी नेमकं हेच झालं. गारांनी उभं पीक झोडपलं आणि थोरल्या मुलाचं कॉलेज बारगळलं. त्या मुलाचं नाव क्लाइड टॉम्बॉ. शाळेत तुम्ही-आम्ही जे नऊ ग्रह पाठ केले, त्यांतला शेवटचा प्लूटो यानं शोधला.

क्लाइडचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ चा. सहा भावंडांत हा थोरला. १९२२ मध्ये कुटुंब इलिनॉय राज्य सोडून कंसासला शेती करायला आलं. ताऱ्यांचा नाद लावला तो काकानं, त्याच्याकडे एक छोटी दुर्बीण होती. पण पोराचं तेवढ्यानं भागेना. मोठी दुर्बीण विकत घ्यायला पैसा कुठला? मग त्यानं घरीच करायचं ठरवलं.

अशा दुर्बिणीचा सगळा जीव तिच्या आरशात असतो. जाड काचेवर दुसरी काच ठेवायची, मध्ये खरखरीत पूड आणि पाणी घालायचं आणि घासत राहायचं. आधी भरड पूड, मग बारीक, मग आणखी बारीक. महिनोन्‌महिने असं घासलं की काच हळूहळू खोलगट होते. त्यात केसाच्या जाडीहून कितीतरी कमी फरक राहिला तरी तारा पसरट दिसतो. १९२६ मध्ये केलेली पहिली दुर्बीण क्लाइडच्या मनासारखी उतरली नाही. आरसा तपासायला हवा स्थिर लागते, गारवा एकसारखा लागतो. कंसासच्या उघड्या माळावर ते कुठून मिळणार? गड्यानं कुदळ-फावडं घेतलं आणि घराजवळ २४ फूट लांब, ८ फूट खोल, ७ फूट रुंद खड्डा एकट्यानं खणला. वर छप्पर घातलं. घरच्यांनाही तो उपयोगी पडला. भाजीपाला ठेवायला तळघर झालं आणि तिकडची चक्रीवादळं आली की जीव वाचवायला आसरा झाला.

त्या खड्ड्यात तपासलेल्या नऊ इंची आरशाची दुर्बीण १९२८ मध्ये उभी राहिली. तिचं सामान ऐका. १९१० सालच्या ब्युइक मोटारीचा शाफ्ट, दुधातली साय वेगळी काढायच्या यंत्राची बैठक आणि शेतावर पडलेलं इतर मोडकं लोखंड. आपल्याकडे जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर काय काय चालवणारे हुन्नरी लोक आहेत, त्यांना हा माणूस आपलाच वाटेल.

या दुर्बिणीतून दिसणाऱ्या गुरू आणि मंगळाची चित्रं काढून क्लाइडनं ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेला पाठवली. मागणं एवढंच होतं, की कुठं चुकतंय ते सांगा. तिथल्या संचालकांना, म्हणजे व्ही. एम. स्लायफर यांना, नव्या दुर्बिणीवर रात्र-रात्र काम करणारा हाताचा पक्का माणूस हवाच होता. त्यांनी नोकरीच देऊ केली. जानेवारी १९२९ मध्ये क्लाइड रेल्वेनं फ्लॅगस्टाफला पोचला. तेव्हा त्याला तेविसावं सरायचं होतं.

काम काय होतं? वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांचा हिशेब होता, की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक ग्रह असलाच पाहिजे. १९१६ मध्ये ते वारले, शोध अर्धा राहिला. तो पुढे न्यायचा. आभाळाच्या एकाच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतरानं काचेच्या प्लेटांवर दोन फोटो घ्यायचे. मग एका यंत्रात दोन्ही प्लेटा लावून आळीपाळीनं बघायच्या. तारे जागेवर राहतात, ग्रह मात्र जागा बदलतो. एसटीच्या खिडकीतून पाहा, जवळची बाभळ झपकन मागे पळते आणि लांबचा डोंगर रेंगाळत सरकतो. तसंच इथे. ठिपका जितका कमी सरकला तितका तो लांबचा. सांगायला सोपं आहे. एकेका प्लेटवर हजारो, काहींवर लाखो तारे. रात्री थंडगार घुमटात फोटो, दिवसा डोळे ताणून तपासणी. शिवाय भट्टीत इंधन घालणं, बर्फ ओढणं हीही कामं त्याच्याकडेच.

१८ फेब्रुवारी १९३० ची दुपार. २३ आणि २९ जानेवारीला घेतलेल्या मिथुन राशीतल्या प्लेटा यंत्रावर होत्या. एक बारीक ठिपका साडेतीन मिलिमीटर सरकलेला दिसला. नेपच्यूनच्याही पलीकडचा! त्या रात्री आभाळ भरून आलं, खात्री करून घेता येईना. क्लाइड उठून सिनेमाला गेला. १३ मार्चला जगाला बातमी दिली गेली. प्लूटो हे नाव सुचवलं ते ऑक्सफर्डच्या ११ वर्षांच्या व्हेनेशिया बर्नी या मुलीनं.

इथे एक खुलासा. आपल्या पत्रिकेतले नवग्रह वेगळे. त्यांत सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, प्लूटो नाही.

ग्रह शोधल्यावर १९३२ मध्ये टॉम्बॉ शिष्यवृत्तीवर कंसास विद्यापीठात दाखल झाले. (आता त्यांना अहो-जाहो म्हणायला हवं.) खगोलशास्त्राच्या प्राथमिक वर्गात मात्र प्राध्यापकांनी त्यांना बसू दिलं नाही. ग्रह शोधणाऱ्याला पहिली इयत्ता काय शिकवायची? आकाश चाळण्याचं काम त्यांनी १९४३ पर्यंत चालू ठेवलं. युद्धानंतर वेधशाळेनं त्यांना परत घेतलं नाही. मग ते न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या रॉकेट तळावर गेले. तिथे जर्मनीहून आणलेली व्ही-२ रॉकेटं उडायची आणि त्यांचा माग दुर्बिणीतून ठेवायचं काम टॉम्बॉ करायचे. १९५५ ते १९७३ विद्यापीठात शिकवलं.

लॉवेल यांचा हिशेब चुकीचा होता हे पुढे कळलं. १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र सापडला आणि त्यावरून प्लूटोचं वजन काढता आलं. ते पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्शाच्या आसपास निघालं. एवढासा गोळा नेपच्यूनला काय ओढणार? म्हणजे प्लूटो गणितानं सापडलाच नाही. एका माणसानं वाफा न् वाफा खुरपावा तसं आभाळ खुरपलं, म्हणून तो सापडला. आमच्या मते यात मोठेपणा जास्तच आहे.

टॉम्बॉ १७ जानेवारी १९९७ ला गेले, ९० वर्षांचे होऊन. १९ जानेवारी २००६ ला ‘न्यू होरायझन्स’ यान प्लूटोकडे निघालं, तेव्हा त्यांच्या रक्षेतली चिमूटभर रक्षा यानात ठेवलेली होती. यान वाटेत असतानाच, ऑगस्ट २००६ मध्ये, प्रागच्या परिषदेनं प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवलं. यान मात्र ठरल्या वाटेनं गेलं. १४ जुलै २०१५ ला ते प्लूटोपासून साडेबारा हजार किलोमीटरवरून गेलं. फोटोत गोठलेल्या नायट्रोजनचं बदामाच्या आकाराचं पांढरंशुभ्र मैदान दिसलं. त्या भागाला आता टॉम्बॉंचं नाव आहे. यान तिथे थांबलं नाही, रक्षा घेऊन ते सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेवर आहे.