लाल रेघेमागचा लोहाराचा मुलगा

कुपवाडमधील कोणत्याही औषध दुकानात मिळणारी गर्भनिदानाची पट्टी एखाद्या घरात आनंद आणते, तर एखाद्या घरात काळजी. त्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभर गेलेल्या गलाई बांधवांच्या सांगली जिल्ह्याला पिवळे सोने परिचयाचे आहे. तेच सोने अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पाण्यात विखुरले की लाल दिसते. या लाल सोन्याचा पहिला पद्धतशीर शास्त्रीय अभ्यास विजेच्या शोधांमुळे अजरामर झालेल्या मायकेल फॅराडे यांनी केला.

फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शालेय शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरतेच झाले. चौदाव्या वर्षी ते एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागले. बांधणीसाठी येणारी पुस्तके वाचता वाचता त्यांना विज्ञानाची गोडी लागली. १८१२ मध्ये एका ग्राहकाने दिलेल्या प्रवेशपत्रिकांमुळे त्यांना सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकता आली. त्यांची टिपणे नीट बांधून त्यांनी डेव्ही यांना पाठवली. या चिकाटीला फळ आले आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून रुजू झाले.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १८२५ मध्ये त्यांनी बेंझीन शोधले. १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, ज्यावर आजचे जनित्र चालते. मात्र १८४० च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. स्मरणशक्ती दगा देऊ लागली आणि हा त्रास अखेरपर्यंत सुटला नाही. प्रत्येक प्रयोगाची क्रमांकवार नोंद ठेवण्याची जुनी सवयच आता त्यांचा आधार बनली.

अशा अवस्थेत, साठी उलटल्यावर, १८५६ मध्ये त्यांनी सोन्याचा वर्ख हाती घेतला. पातळ धातूतून प्रकाश कसा जातो, हे त्यांना पाहायचे होते. सोन्याचे पातळ थर तयार करताना आणि धुताना त्यांना फिकट लालसर द्रव आढळला. सामान्य माणसाने तो ओतून दिला असता. फॅराडे यांनी तो जपून ठेवला. पुढे सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी माणकासारखा लाल द्रव मुद्दाम तयार केला. त्यातून प्रकाशाचा झोत सोडताच त्याचा मार्ग उजळून दिसला. द्रवात सोने विरघळलेले नसून सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत आहे, हे त्यांनी ओळखले. मीठ घालताच लाल रंग निळा होतो, हेही त्यांनी टिपले. फेब्रुवारी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे संशोधन मांडले, तेव्हा ते ६५ वर्षांचे होते.

त्या काळी या लाल पाण्याचा व्यवहारात उपयोग काय, हे कुणालाच सांगता आले नसते. ते कण सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नव्हते. रंगामागचे गणित गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडले. १९७१ मध्ये सोन्याच्या कणांना प्रतिपिंडे जोडण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि निदानाचा मार्ग खुला झाला. गर्भनिदानाच्या पट्टीवर हेच घडते. मूत्रातील विशिष्ट संप्रेरक प्रतिपिंडे लावलेल्या सुवर्णकणांना चिकटते, ते कण ठरलेल्या रेषेवर अडकतात आणि लाल रेघ उमटते. कोरोनाच्या साथीत वापरल्या गेलेल्या अनेक प्रतिजन चाचण्याही याच तत्त्वावर आधारलेल्या होत्या. कण एकत्र आले की होणारा लाल-निळा रंगबदल आता जैवसंवेदकांत वापरला जातो, तर सुवर्णकण प्रकाशाने तापवून कर्करोगाच्या गाठी नष्ट करण्याचे प्रयोगही झाले आहेत.

फॅराडे यांनी सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि लंडनच्या हायगेट दफनभूमीत साध्या समाधीखाली ते विसावले. त्यांनी बनविलेल्या सुवर्णद्रवाच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जतन केलेल्या आहेत. आठवण साथ सोडत असतानाही, उपयोगाचा हिशेब न मांडता केलेल्या त्या कामाचे फळ जगाच्या पदरात पडण्यास शंभरहून अधिक वर्षे लागली. आज ते कुपवाडच्या औषध दुकानातही सहज मिळते.