जोतीरावांचे एकट्याचे मत

मतदानाच्या दिवशी सातपाटीच्या बंदरात एका मताने काय होणार, असे म्हणून कोणी बोट समुद्रात लोटतो, तर कोणी व्यापारी दुकानावरून उठत नाही. अशा बंधूंपुढे आम्ही कै. जोतीराव फुले यांचे चरित्र ठेवितो.

सन 1827 मध्ये माळी कुळात जन्मलेल्या या गृहस्थांनी सन 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. ते बांधकामाचे ठेकेदारही होते, हे मात्र व्यापारी मंडळींच्या ध्यानी नसते. इंजिनियर खात्यातील लाचलुचपत त्यांनी धंद्यात राहून पाहिली, आणि ठेक्याची पर्वा न करिता लिहून चव्हाट्यावर आणिली.

सन 1876 ते 1882 ते पुणे म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. सन 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतार्थ एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. सन 1878 च्या कायद्याने देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारे ते हेच! पैसा रयतेच्या कराचा, तो शिक्षणास लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे. विरुद्ध मत पडले ते त्यांचे एकट्याचेच. ठराव अर्थातच मंजूर झाला. परंतु होकार देणाऱ्या किती सभासदांची नावे आज वाचकांस सांगता येतील?

सन 1888 मध्ये मुंबईस मांडवी कोळीवाड्यातील सभागृहात लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. सन 1890 मध्ये ते निवर्तले. सर्व प्रौढांस मत मिळून पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 मध्ये झाली. तत्पूर्वी 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे होते.