आल्मन स्ट्रोजर
आल्मन ब्राउन स्ट्रोजर (११ फेब्रुवारी, १८३९ – २६ मे, १९०२) हे स्वयंचलित दूरध्वनी केंद्राचे अमेरिकन संशोधक होत. ते कॅन्सस सिटी येथे अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत. त्या काळी ग्राहकाचा फोन कोणाकडे जोडायचा, हे केंद्रातील ऑपरेटरच्या हाती असे. प्रतिस्पर्ध्याची पत्नी ऑपरेटर असून ती आपले फोन पतीकडे वळवते, असा स्ट्रोजर यांना संशय होता, अशी आख्यायिका आहे. ऑपरेटरविना जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट त्यांना १० मार्च, १८९१ रोजी मिळाले. पुढे रूढ झालेल्या रचनेत विद्युत स्पंदांच्या संख्येनुसार यंत्राचा दांडा आधी वर चढे, मग आडवा फिरून हवी ती तार गाठी. पहिले केंद्र १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे सुरू झाले. स्ट्रोजर यांनी आपली पेटंटे १८९६ मध्ये अवघ्या १,८०० डॉलरना विकली. मुंबईसह भारतातील अनेक शहरांत ही केंद्रे कित्येक दशके चालू होती.