ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला १८ वर्षांचा अनंत कान्हेरे आणि 'ऑटोमॅटिक' म्हटलं जाणारं ब्राउनिंग पिस्तूल

ठाणे स्टेशनला उतरून कोर्ट नाक्याच्या दिशेने गेलं की थोड्याच अंतरावर मध्यवर्ती कारागृहाची जाड दगडी भिंत लागते. कल्याण-डोंबिवलीहून रोज ठाण्यात कामाला येणाऱ्या कितीतरी लोकांनी ती पाहिलेली असते. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैदेत होता आणि १८१६ मध्ये इथूनच निसटला होता.

१९ एप्रिल १९१० च्या सकाळी मात्र इथून कुणी निसटलं नाही. त्या दिवशी तिघांना फाशी झाली. कृष्णाजी गोपाळ कर्वे, विनायक नारायण देशपांडे आणि तिघांत सगळ्यात लहान असलेला अनंत लक्ष्मण कान्हेरे.

शाळेच्या पुस्तकात अनंत कान्हेरे एका ओळीत येतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारा. ती ओळ बरोबर आहे, पण तिच्या मागेपुढे बरंच काही आहे.

चित्रकला शिकणारा, कादंबरी लिहिणारा मुलगा

अनंतचा जन्म १८९२ चा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं आयनी. घरची माणसं पोटापाण्यासाठी इंदूरला गेली होती, त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण तिकडेच झालं. पुढे इंग्रजी शिकायचं म्हणून त्याला औरंगाबादला मामाकडे पाठवलं. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाबाहेर. क्रांतिकारकांना अशा संस्थानी मुलखात थोडी मोकळीक मिळायची.

काही वर्षं मामाकडे काढल्यावर १९०८ मध्ये अनंत गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरी खोली घेऊन राहू लागला. दोघांची गट्टी इतकी जमली की अनंतने त्या दोस्तीवर 'मित्रप्रेम' नावाची कादंबरी लिहिली. सोबत चित्रकलेचं शिक्षण सुरू होतं. अंगापिंडाने किंवा स्वभावाने हा कुणी दांडगट मुलगा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. गंगारामचा येवल्याला टोणपे नावाचा मित्र होता आणि तो नाशिकच्या गुप्त संघटनेतला होता. या ओळखीतून अनंत नाशिकच्या मंडळींपर्यंत पोहोचला.

नाशिकला तेव्हा सावरकर बंधूंच्या अभिनव भारत संघटनेचं जाळं होतं. विनायक सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले आणि इथली बाजू थोरले बंधू गणेश, म्हणजे बाबाराव, सांभाळत होते. बाबारावांनी कवी गोविंद यांच्या कविता छापल्या. त्यावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप, म्हणजेच काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. कविता छापल्याबद्दल जन्मठेप! बाबारावांना खटल्यासाठी वर पाठवणारा अधिकारी होता नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन. नाशिकच्या तरुणांनी तेव्हाच त्याचं नाव मनात धरून ठेवलं.

लंडनहून आलेली २० पिस्तुलं

आता मुद्दा हत्याराचा. खटल्यात जे पुढे आलं त्यानुसार, १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन भारतात परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यात २० ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं होती. यातलीच काही नाशिकला पोहोचली.

हे ब्राउनिंग म्हणजे नेमकं काय? जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतला बंदुका घडवणारा कारागीर. त्याच्या डिझाइनवर बेल्जियममधल्या हर्स्टल गावची एफएन कंपनी १९०० च्या सुमारास छोटी, सपाट पिस्तुलं बनवू लागली. १९०० सालचं मॉडेल तर जगभर इतकं खपलं की फ्रान्समध्ये पिस्तुलाला सरळ ब्राउनिंगच म्हणू लागले. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसंच. वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये ७ गोळ्या आणि कोटाच्या खिशात सहज मावणारा आकार.

त्या काळच्या बातम्यांत, खटल्यांत आणि नंतरच्या मराठी पुस्तकांतही या हत्याराला ऑटोमॅटिक पिस्तूल म्हटलेलं आढळतं. ते वाचून आज अनेकांच्या डोळ्यांसमोर मशीनगनसारखा धडधड मारा येतो. तसं काही नव्हतं.

ट्रिगर हे बेलच्या बटणासारखं नसतं. बंदुकीच्या आत स्प्रिंगवर ताणलेला हातोडा किंवा पिन असते आणि दाराला खिट्टी लावावी तशी ती एका छोट्या तुकड्याने अडवलेली असते. त्याला सिअर म्हणतात. ट्रिगर ओढला की खिट्टी सुटते, पिन काडतुसाच्या बुडावर आदळते आणि गोळी उडते. इथपर्यंत सगळ्या बंदुका सारख्याच. फरक पडतो तो गोळी सुटल्यानंतर काय होतं यात.

जुन्या एकबारी बंदुकीत पुन्हा हाताने काडतूस भरायचं. पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागेपुढे करायचा. ब्राउनिंगच्या पिस्तुलात मात्र गोळी सुटल्याच्या धक्क्यानेच वरचा भाग मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. हे सगळं क्षणार्धात, हात न लावता. म्हणून लोक त्याला ऑटोमॅटिक म्हणू लागले. भरणं ऑटोमॅटिक, मारा नव्हे.

मग बोट दाबून धरलेलं असताना दुसरी गोळी का सुटत नाही? कारण आत डिसकनेक्टर नावाचा आणखी एक तुकडा असतो. प्रत्येक गोळीनंतर तो ट्रिगर आणि खिट्टी यांचा संबंध तोडतो. बोट सैल केल्याशिवाय तो पुन्हा जोडला जात नाही. एक ओढ, एक गोळी. याला आजच्या भाषेत सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. त्या पिस्तुलाच्या डाव्या बाजूला खटका होता, पण तो फक्त सुरक्षेसाठी. फ्रेंचमध्ये एकीकडे 'सुरक्षित' आणि दुसरीकडे 'आग' असं लिहिलेलं असायचं.

मारा करण्याची पद्धतच बदलणारा खटका वेगळा. त्याला सिलेक्टर म्हणतात. तो फुल ऑटोवर असला की बोट दाबून ठेवलं तरी ट्रिगर आणि खिट्टीचा तो संबंध तुटत नाही, नवं काडतूस बसलं की खिट्टी पुन्हा आपोआप सुटते आणि मॅगझिन रिकामं होईपर्यंत मारा चालू राहतो. बर्स्ट मोडमध्ये साधारणपणे एक दातेरी भाग गोळ्या मोजतो आणि ठरलेल्या आकड्याला थांबवतो. एके-४७ च्या उजव्या बाजूच्या लांब पट्टीला तीन जागा आहेत. सगळ्यात वर सेफ, मध्ये ऑटो, सगळ्यात खाली सिंगल. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलमध्ये सिंगल आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट. तीन-तीनच का, तर ऑटोवर सुरुवातीच्या काही गोळ्यांनंतर नळी वर उचलली जाते, नेम जातो आणि काडतुसं वाया जातात.

गंमत म्हणजे सिंगल आणि ऑटो दोन्ही करू शकणारी अमेरिकन सैन्याची प्रसिद्ध बीएआर रायफलही याच ब्राउनिंगची. पण ती आली पहिल्या महायुद्धात, नाशिकच्या घटनेनंतर आठेक वर्षांनी. अनंतच्या हातात १९०९ मध्ये जे होतं, त्यात प्रत्येक गोळीसाठी त्याला ट्रिगर नव्याने ओढावा लागला. रागाच्या भरात बोट अडकून राहिलं आणि सटासट गोळ्या गेल्या, असं त्या यंत्रात होऊच शकत नव्हतं.

विजयानंद थिएटर, २१ डिसेंबर १९०९

जॅक्सनची बढतीवर नाशिकहून बदली झाली होती. निरोप म्हणून विजयानंद थिएटरमध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला. जॅक्सनला मराठी नाटकांची आवड होती. नाशिक सोडण्याआधीची ही शेवटची संधी, हे कर्वे आणि देशपांडे यांनी ओळखलं. अनंत चुकला तर देशपांडे, तोही चुकला तर कर्वे, अशी तयारी करून तिघे नाट्यगृहात पोहोचले.

पुढच्या दोघांची वेळ आली नाही. जॅक्सन आत येत असतानाच अनंत पुढे झाला आणि त्याने गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच कोसळला. अनंतला तिथेच पकडलं. तो पळून गेला नाही. या वयात त्याला हे करायला लावणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल वेगवेगळी मतं असू शकतात, पण पकडल्यानंतर त्याने आपलं कृत्य नाकारलं नाही, यावर दुमत नाही.

आता जॅक्सनबद्दल. हा माणूस संस्कृत जाणणारा अभ्यासक होता आणि लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणायचे. त्याने गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुतींची माहिती गोळा करायला सुरुवात केली होती. ते काम त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी पूर्ण केलं. त्याच्या कोकणच्या खंडात ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या शाळामास्तरांनी कळवलेल्या चालीरीती, भुतंखेतं, ग्रामदैवतं आहेत. म्हणजे ज्या रत्नागिरीतल्या गावागावांच्या देवांची माहिती हा साहेब जमवत होता, त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या मुलाने त्याला मारलं. जॅक्सन चांगला होता की वाईट, हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. त्याची विद्वत्ता खरी होती आणि बाबारावांना अंदमानात पाठवण्यातला त्याचा वाटाही खरा होता.

चार महिन्यांत निकाल

खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. २९ मार्च १९१० ला निकाल लागला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी आणि इतर काही जणांना काळं पाणी. गोळी झाडल्यापासून फाशीपर्यंत चार महिनेही पूर्ण झाले नाहीत. तिघांना ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं आणि १९ एप्रिलला फाशी दिली. मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात दिले नाहीत. अनंत १८ वर्षांचा होता.

याच महिन्यांत तिकडे हजारो मैलांवर जवळजवळ अशीच गोष्ट घडत होती. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी कोरियाच्या आन जुंग-गुन याने चीनमधल्या हार्बिन स्टेशनवर जपानी नेता इतो हिरोबुमीला गोळ्या घातल्या. हत्यार, ब्राउनिंगचं १९०० सालचं मॉडेल. त्याला २६ मार्च १९१० ला फाशी झाली, म्हणजे अनंतच्या साडेतीन आठवडे आधी. आज तो दक्षिण कोरियात राष्ट्रीय वीर मानला जातो. या दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण बेल्जियमच्या कारखान्यातून निघणारं खिशात मावेल असं यंत्र तेव्हा अनेक साम्राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या जवळ जाऊन पोहोचत होतं.

नाशिकच्या गोळ्यांचा माग मात्र पुढे लंडनपर्यंत गेला. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीने पिस्तुलांचा धागा विनायक सावरकरांशी जोडला गेला. सावरकरांना १३ मार्च १९१० ला लंडनमध्ये अटक झाली होती. भारतात आणताना ८ जुलैला त्यांनी मार्सेलिसला बोटीतून उडी घेतली आणि तिथे ते पुन्हा पकडले गेले. आधी एक जन्मठेप झाली आणि मग ३० जानेवारी १९११ ला जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याच्या आरोपाखाली दुसरी. त्यांच्या प्रसिद्ध दोन जन्मठेपांपैकी ही दुसरी त्या ट्रंकेतल्या पिस्तुलांमुळे आली.

ब्राउनिंगने त्या छोट्या पिस्तुलासाठी बनवलेलं ७.६५ मिलिमीटरचं काडतूस भारतात .३२ बोअर म्हणून आजही चालतं. परवानाधारकांच्या अनेक पिस्तुलांत तेच असतं, कारण कायद्याने पूर्ण ऑटोमॅटिक शस्त्रं सामान्य माणसाला प्रतिबंधित आहेत, पण एका ओढीला एक गोळी मारणारं .३२ चं पिस्तूल परवान्यावर मिळू शकतं. खुद्द ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममधल्या त्याच कारखान्यात काम करताना वारला.

आणि नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेचं अधिकृत नाव आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. रणजी ट्रॉफीचे सामने तिथेच होतात.